पुस्तिकेविना आलेला गेम : अटारीच्या ‘ई.टी.’चा नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

१९८५ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी अटारी कंपनीचे एक गेमयंत्र आले. कुवेतला नोकरीस असलेल्या मामांनी ते तिकडून मायदेशी परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून विकत घेतले होते आणि त्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत चार सुट्या कॅसेट होत्या. त्यांतील एकीवर ‘ई.टी. द एक्स्ट्रा-टेरेस्ट्रियल’ असे लिहिलेले होते. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोपर्यंत थोरली ताई आणि मी ती कॅसेट जवळजवळ रोज लावली, आणि तरीही तो गेम आम्हांला एकदाही शेवटपर्यंत नेता आला नाही. पडद्यावरची आकृती चार पावले चालायची आणि खड्ड्यात पडायची. ‘‘हे पोट्टं चालता चालता गड्ड्यातच काऊन पडते?’’ असे ताई दर वेळी म्हणे. शाळा उघडल्यावर यंत्र माळ्यावर गेले आणि तिथेच राहिले.

मी आता नागपूरच्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सॉफ्टवेअर रचना हा विषय शिकवतो. घाईने केलेले काम कसे बिघडते हे सांगताना मी वर्गात अनेक वर्षे याच गेमचे उदाहरण देत आलो, कारण ‘जगातला सर्वांत वाईट व्हिडिओ गेम’ अशी त्याची ख्याती आहे आणि माझा लहानपणीचा अनुभव त्या ख्यातीशी जुळत होता. उदाहरण देण्याआधी तो गेम पुन्हा एकदा खेळून पाहावा, असे मला कधीही वाटले नाही. ही माझी चूक होती. ती दुरुस्त करण्यासाठी गेल्या मे महिन्यात ताई, तिची चौदा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे मिळून तो गेम पुन्हा खेळलो. त्या खेळाचा आणि त्यातून जे हाती लागले त्याचा वृत्तान्त येथे देत आहे. प्रश्न एकच होता : १९८५ साली आम्ही हरलो ते यंत्रामुळे, गेम लिहिणाऱ्यामुळे, की आणखी कशामुळे?

आधी हक्क, मग गेम

पृथ्वीवर अडकलेल्या एका परग्रहवासीयाची गोष्ट सांगणारा ‘ई.टी.’ हा चित्रपट अमेरिकेत ११ जून १९८२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याला प्रचंड यश मिळाले. अटारीची मालकी तेव्हा वॉर्नर कम्युनिकेशन्सकडे होती. वॉर्नरचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांनी दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग आणि युनिव्हर्सल ही चित्रपट कंपनी यांच्याशी बोलणी करून या चित्रपटावर गेम काढण्याचे हक्क मिळवले, आणि त्यासाठी दोन ते अडीच कोटी डॉलर मोजल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. एवढी रक्कम दिल्यावर ती त्याच वर्षीच्या नाताळात वसूल व्हायला हवी होती. पण बोलणी संपेपर्यंत जुलै संपत आला होता.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघाले. त्या काळच्या कॅसेटमधील चिप कारखान्यातच कायमची कोरली जाई. एकदा ती बनली की आतला एक अंकही बदलता येत नसे, आणि लाखो चिप बनवून, त्या कॅसेटमध्ये बसवून दुकानांपर्यंत पोहोचवायला काही महिने लागत. म्हणून नाताळच्या विक्रीसाठी गेम १ सप्टेंबरला तयार असणे भाग होते. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरला विचारणा झाली ती २७ जुलैला. हाती राहिले पाच आठवडे. एरवी अशा एका गेमवर अटारीत कित्येक महिने काम चाले. ‘यार्स रिव्हेंज’ हा गेम वॉरशॉ यांच्याच नावावर होता आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटावरील गेमही त्यांनी नुकताच हातावेगळा केला होता; म्हणजे हे काम कोणा नवशिक्याकडे सोपवले गेले नव्हते.

वॉरशॉ यांनी सुमारे दीड दिवसात आराखडा केला आणि तो स्पिलबर्ग यांच्यापुढे मांडला. ‘पॅक-मॅन’सारखे काहीतरी करता येणार नाही का, असे स्पिलबर्ग यांनी विचारल्याचे वॉरशॉ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यांनी ते मानले नाही. परक्या जगात अडकलेल्या जिवाला फोनचे तुकडे गोळा करून घरी निरोप धाडायचा आहे, ही चित्रपटातली कळकळ गेममध्ये यावी, असा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. ठिपके खाणाऱ्या आकृतीचा गेम पाच आठवड्यांत लिहून वर चाचणीलाही वेळ उरला असता; परंतु तो ‘ई.टी.’चा गेम झाला नसता, केवळ त्या नावाचे वेष्टन असलेला गेम झाला असता. हक्क विकत घेऊन काढलेल्या गेमांपैकी बहुतेकांचे तेच होते. वॉरशॉ यांनी अवघड वाट धरली, आणि वेळ मात्र सोप्या वाटेचाही नव्हता.

पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. सुमारे ४० लाख कॅसेट बनवल्या गेल्या, आणि प्रचलित माहितीनुसार त्यांपैकी १५ लाखांच्या आसपास खपल्या. १९८३ साली अटारीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोजवळ न खपलेला माल जमिनीत पुरला गेला, आणि २६ एप्रिल २०१४ रोजी तेथे उत्खनन करून त्यातील काही कॅसेट वर काढण्यात आल्या. पुरलेल्या कॅसेटच्या या कथेनेच गेमची अपकीर्ती कायम केली. गेमविषयी मात्र ती कथा काहीच सांगत नाही, म्हणून ती येथेच सोडतो.

१९८५ : आम्हांला काय दिसले

कुवेतमधील टीव्ही आपल्याप्रमाणेच पाल पद्धतीचा असल्यामुळे यंत्र आमच्या घरच्या टीव्हीला जोडता आले. टीव्ही कृष्णधवल होता. अँटेनाच्या जागी यंत्राची वायर लावून ट्यूनिंगची चकती फिरवत बसले की केव्हातरी चित्र स्थिर होई. कूलर सुरू केला की चित्रावर रेघा उमटत, आणि नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर बंद ठेवणे शक्य नव्हते. गेम जमत नाही याचे खापर आम्ही पुष्कळ दिवस त्या कूलरवर फोडले.

चित्रपट आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता. पडद्यावरची लांब मानेची आकृती आमच्या दृष्टीने कासव होते, आणि आम्ही तिला कासवच म्हणत असू. एक माणूस येऊन कासवाला उचलून एका इमारतीत नेई. दुसरा येऊन काहीतरी हिसकावून घेई. काय हिसकावले हे आम्हांला कळत नसे. खाली एक आकडा होता, तो कासवाच्या हालचालींबरोबर ९९९९ पासून उतरत जाई, आणि तो संपला की कासव निपचित पडे. मग एक लहानशी आकृती त्याच्याकडे धावत येई. तोही पकडायलाच येतो, अशी आमची खात्री होती. तो इलियट आहे, कासवाचा मित्र आहे आणि त्याला पुन्हा उठवायला येतो आहे, हे चित्रपट पाहिलेल्या अमेरिकेतल्या कोणत्याही मुलाला सांगावे लागले नसते.

जॉयस्टिकवर एकच बटण होते आणि त्याचा स्वभाव आम्हांला अखेरपर्यंत उमगला नाही. ते दाबले की कधी कासव मान वर काढी, कधी वेगाने पळू लागे, कधी एका क्षणात भलत्याच पडद्यावर जाऊन पडे, तर कधी शत्रू माघारी फिरत. पडद्याच्या वरच्या पट्टीत एक छोटे चिन्ह असे आणि कासव हलले की ते बदले. ते चिन्ह आणि बटण यांचा काही संबंध असेल, असा विचार आमच्या मनात आला नाही. ताईने वहीच्या पानावर नकाशा काढायला घेतला, तोही जुळेना. एका पडद्याच्या उजव्या कडेने बाहेर पडत गेले की काही वेळाने आपण पुन्हा पहिल्या पडद्यावर येतो हे तिला समजले होते, परंतु वरच्या आणि खालच्या कडांनी बाहेर पडल्यावर पाने एकमेकांना चिकटवता येत नव्हती.

आणखी एक गोष्ट. यंत्रावर गेमचा प्रकार निवडण्याची एक कळ होती. आम्ही ती कधी दाबली नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिला प्रकार सुरू होई.

मे महिन्यातला खेळ

माळ्यावरून काढलेले यंत्र लगेच चालले नाही, पण त्याची दुरुस्ती अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. त्याला ९ व्होल्टचा पुरवठा लागतो; जुन्या अडॅप्टरची वायर कडक होऊन तडकली होती, म्हणून बर्डीवरून नवा अडॅप्टर आणून त्याला जुन्या मापाची पिन लावली. आतले वाळलेले कपॅसिटर बदलले. कॅसेटच्या पितळी दिसणाऱ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसल्या. लहानपणी आम्ही त्यांवर फुंकर मारायचो, त्याने ओल जाऊन पट्ट्या अधिकच काळवंडतात. ताईच्या सासरी काटोलला पिक्चर ट्यूबचा एक रंगीत टीव्ही अजून चालू स्थितीत होता, तो आणला.

पहिल्या दिवशी भाचीला काहीही न सांगता गेम दिला. ती पिढी व्हिडिओ गेममध्ये वाढलेली असल्यामुळे ती आमच्यापेक्षा बरी ठरेल, असा माझा अंदाज होता. तो खोटा ठरला. पाऊण तासानंतर ती नेमकी तिथेच होती जिथे आम्ही १९८५ साली होतो : खड्ड्यात पडायचे, कसेबसे वर यायचे, पुन्हा पडायचे. फरक एवढाच, की तिने पाचेक मिनिटांतच विचारले, ‘‘मामा, हे वरचं चिन्ह कशाचं आहे?’’ चाळीस वर्षांत मला तो प्रश्न पडला नव्हता, आणि उत्तरही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी गेमच्या मूळ पुस्तिकेची छापलेली प्रत मी तिच्यासमोर ठेवली. इंग्रजी तिला अडत नव्हते. ताईने शेजारी बसून एकेक भाग मोठ्याने मराठीत सांगितला. त्या अर्ध्या तासात आमच्या १९८५ च्या उन्हाळ्याचा उलगडा झाला.

वरच्या पट्टीतील चिन्ह हे ई.टी. ज्या जागेवर उभा आहे त्या जागेची शक्ती सांगते. बाण असेल तर बटण दाबताच तो त्या दिशेच्या पडद्यावर जातो. प्रश्नचिन्ह असेल तर या पडद्यावरच्या कोणत्या खड्ड्यात फोनचा तुकडा आहे ते दिसते. एका चिन्हावर गोळा केलेल्या खाऊच्या गोळ्या खाऊन शक्ती वाढवता येते, एकावर इलियटला हाक मारता येते, एकावर माणसांना माघारी धाडता येते. नऊ गोळ्या जमवून इलियटला बोलावले तर तो फोनचा एक तुकडा आणून देतो. जागेला काहीही शक्ती नसेल तर तेच बटण पळण्यासाठी आहे. म्हणजे आम्हांला लहरी वाटलेले बटण पूर्णपणे नियमबद्ध होते. नियम फक्त आमच्याजवळ नव्हता. एका बटणात इतकी कामे बसवण्याची ही युक्ती मला आज, या विषयाचा शिक्षक म्हणून, फार हुशारीची वाटते. परंतु तिचे स्पष्टीकरण पडद्यावर कुठेही नाही, ते सगळे कागदावर आहे.

नकाशाचेही तसेच. सहा पडदे सपाट कागदावर मांडलेले नसून घनाच्या सहा बाजूंसारखे एकमेकांना जोडलेले आहेत : चार खड्ड्यांचे, एक जंगलाचा आणि एक शहराचा. भाचीने पुठ्ठ्याचा ठोकळा करून त्यावर सहा चित्रे काढली आणि ताईचा चाळीस वर्षांपूर्वीचा अडलेला नकाशा पूर्ण झाला. त्या क्षणी ताईचा जो चेहरा मी पाहिला तो या सगळ्या उद्योगाचे मोल देऊन गेला.

सर्वांत जास्त हळहळ मात्र गेम निवडण्याच्या कळीची वाटली. तीन प्रकार आहेत. पहिल्यात शास्त्रज्ञ आणि एफबीआयचा माणूस दोघेही मागे लागतात. दुसऱ्यात फक्त एफबीआयचा माणूस असतो. तिसऱ्यात कोणीच नाही. खेळणाऱ्याने निवांतपणे जग पाहावे, खड्ड्यांतून बाहेर येण्याचा सराव करावा, हे त्याचे प्रयोजन. आम्ही दोघे महिनाभर सर्वांत कठीण प्रकार खेळत होतो आणि सोपा प्रकार एका कळीच्या अंतरावर होता.

तिसरा प्रकार निवडून भाचीने त्याच संध्याकाळी तीनही तुकडे गोळा केले, योग्य जागी जाऊन फोन लावला, कोपऱ्यात घड्याळ दिसू लागले, आणि ते संपण्याच्या आत जंगलात पोहोचून यान येईपर्यंत ती थांबली. ई.टी. घरी गेला. वाटेत एका खड्ड्यात तिला कोमेजलेले फूल सापडले, ते ई.टी.ने फुलवले की इलियटची आणखी एक मदत पदरात पडते. शक्ती संपल्यावर इलियट एरवी तीनदा येतो, फुलामुळे चौथ्यांदाही येतो. चित्रपटाचा सगळा जिव्हाळा ८ किलोबाइटमध्ये बसवताना वॉरशॉ यांनी या फुलासाठी जागा ठेवली, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

त्या जागेचा अंदाज मराठी वाचकाला असा देता येईल. देवनागरीतले एक चिन्ह आज संगणकात ३ बाइट घेते. या हिशेबाने ८ किलोबाइटमध्ये साधारण २,७०० चिन्हे, म्हणजे मराठी मजकुराची दीड-दोन पाने मावतात. संपूर्ण गेम, चित्रे, आवाज, नियम, सारे एवढ्यात आहे. खेळ चालू असताना लक्षात ठेवण्यासाठी यंत्राजवळ १२८ बाइट असतात, म्हणजे ४२ चिन्हे. एवढ्या जागेत सूचना लिहिणे शक्यच नव्हते, म्हणून त्या काळी सूचना छापील पुस्तिकेत असत आणि पुस्तिका हा गेमचा भाग मानला जाई. कॅसेट सुटी विकली गेली, हातोहात फिरली, की अर्धा गेम मागे राहून जाई. आमच्या घरी अर्धाच आला होता.

खड्ड्याचे काय

येथवर वाचून गेम निर्दोष आहे असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. पुस्तिका वाचल्यावरही भाची खड्ड्यात पडत होती. खूप कमी, पण पडत होती, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा तिची चूक नव्हती. म्हणून तिसऱ्या दिवशी मी तोच गेम संगणकावर, अटारीच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ‘स्टेला’ या प्रणालीत लावला आणि पडण्याचे प्रसंग चित्रामागून चित्र थांबवत पाहिले.

या यंत्रात पडद्याचे संपूर्ण चित्र साठवायला मेमरी नाही. टीव्हीची किरणशलाका एकेक ओळ काढत खाली सरकते आणि त्याच वेळी प्रोग्रॅमला पुढच्या ओळीत काय दाखवायचे ते टीआयए या चिपला सांगत राहावे लागते. प्रत्येक ओळीसाठी प्रोसेसरच्या ७६ आवर्तनांचा अवधी मिळतो, अधिक नाही. टीआयएजवळ सहा वस्तू असतात : दोन आकृत्या, दोन लहान ठिपके, एक चेंडू आणि जाड ठोकळ्यांची पार्श्वभूमी. यांपैकी कोणत्याही दोन वस्तूंचे ठिपके पडद्यावर एकमेकांवर आले की चिप आपणहून तशी नोंद करते. सहा वस्तूंच्या १५ जोड्या होतात, त्या सर्वांसाठी नोंदीची सोय आहे. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने ही फुकट मिळणारी सेवा होती. पाच आठवड्यांत काम संपवायचे असताना कोण ती नाकारील?

अडचण अशी, की चिपला एकमेकांवर आलेले ठिपके दिसतात, जमीन दिसत नाही. खड्डे तिरप्या नजरेने पाहिल्यासारखे काढलेले आहेत आणि ई.टी. मात्र समोरून पाहिल्यासारखा उभा. तो खड्ड्याच्या अलीकडच्या, म्हणजे पडद्यावर खालच्या कडेजवळून चालत असतो तेव्हा पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते की त्याचे पाय जमिनीवर आहेत आणि डोके खड्ड्याच्या चित्रापुढे आले आहे. घराच्या ओट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे डोके ओट्यावर ठेवलेले नसते, हे लहान मूलही जाणते. चिपला मात्र डोक्याचा एक ठिपका खड्ड्याच्या ठिपक्यावर आलेला पुरतो, आणि ई.टी. खाली जातो. स्टेलाच्या पडद्यावर हा क्षण थांबवून मी ताईला दाखवला : पाय पूर्ण मोकळ्या जमिनीवर, डोक्याचे टोक कडेला टेकलेले. तिने विचारलेल्या ‘काऊन’चे उत्तर तिला चाळीस वर्षांनी मिळाले, आणि ते देताना मला मनापासून आनंद झाला.

याला जोडून आणखी दोन दोष आहेत. मान उंचावून तरंगत खड्ड्याबाहेर आल्यावर जॉयस्टिक वरच रेटलेली राहिली तर ई.टी. पुन्हा कडेला लागून आत पडतो. आणि बाहेर येताना ती वर रेटलेली असणे साहजिक आहे, कारण तसे केल्याशिवाय बाहेर येताच येत नाही. शिवाय एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना काही जागी तो थेट खड्ड्यावरच अवतरतो. त्या वेळी खेळणाऱ्याने काहीही केलेले नसते, तरी शिक्षा त्यालाच होते.

हे दोष किती लहान होते याचा पुरावा उपलब्ध आहे. २०१३ साली एका हौशी अभ्यासकाने मूळ गेममध्ये मोजके बदल करून, पाय खड्ड्यात गेल्यावरच पडायचे, अशी व्यवस्था केली. मी ती सुधारित आवृत्तीही भाचीला खेळायला दिली, काय बदलले आहे ते न सांगता. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘आज मला नीट जमतंय.’’ गेम तिला सोपा वाटला नाही, ती स्वतः सुधारली असे तिला वाटले. चांगल्या दुरुस्तीची याहून नेमकी खूण मला सांगता येणार नाही.

तेव्हा हे वॉरशॉ यांना का सुचले नाही? सुचण्याचा प्रश्नच नव्हता, असे माझे मत झाले आहे. गेम लिहिणारा माणूस स्वतः खड्ड्यात पडत नाही. डोके कुठे लागते हे त्याच्या हाताला रोजच्या सरावाने ठाऊक झालेले असते. हा दोष फक्त अशा माणसाला दिसतो, जो पहिल्यांदा जॉयस्टिक हातात घेतो, आणि तोही तेव्हाच, जेव्हा लिहिणारा त्याच्या शेजारी गप्प बसून पाहतो. बाहेरच्या खेळणाऱ्यांकडून चाचणी करून घेण्याची पायरीच या गेमच्या वाट्याला आली नाही, कारण १ सप्टेंबर ही तारीख गेमच्या गरजेतून ठरलेली नव्हती, ती हक्कांच्या करारातून आणि चिपच्या कारखान्यातून ठरली होती. कल्पकता पुरेशी होती, कौशल्यही होते. ताईसारख्या एका मुलीला अर्धा तास खेळताना पाहायला लागणारा वेळ नव्हता. या प्रसंगी दोषाचे नाव घ्यायचेच झाले तर मी करारावर सही करताना दिनदर्शिका न पाहणाऱ्यांचे घेईन. वर्गात इतकी वर्षे मी ते प्रोग्रॅमरच्या माथी मारत होतो. येत्या सत्रापासून तो भाग मी बदलला आहे, आणि विद्यार्थ्यांना आधी पुस्तिकेविना, मग पुस्तिकेसह गेम खेळायला देणार आहे.

आमच्या १९८५ च्या पराभवाचा हिशेब आता असा मांडता येतो. चित्रपट पाहिलेला नसल्यामुळे मित्र शत्रू वाटला. पुस्तिका नसल्यामुळे बटण, चिन्हे, नकाशा आणि सोपा प्रकार हे चारही हातचे गेले. यांतली कोणतीही गोष्ट वॉरशॉ यांच्या हाती नव्हती. त्यांच्या हाती होता तो फक्त खड्डा, आणि बाकीचे सगळे गळून गेल्यामुळे आमच्या वाट्याला नेमका तेवढाच शिल्लक राहिला होता. कूलरचा काहीही दोष नव्हता.

यंत्र आता माळ्यावर परत गेलेले नाही, दिवाणखान्यात आहे. कॅसेटच्या सोबत ठेवायला ताईने एक कागद तयार केला आहे : दोन्ही बाजूंनी लिहिलेला, वरच्या पट्टीतील प्रत्येक चिन्ह हाताने काढून त्यापुढे त्याचा अर्थ दिलेला, खाली भाचीच्या ठोकळ्याचा उलगडलेला नकाशा, आणि पहिल्याच ओळीत, कळ दाबून तिसऱ्या प्रकाराने सुरुवात करावी ही सूचना. बहुतेक मजकूर मूळ पुस्तिकेवरून घेतलेला आहे. शेवटची एक ओळ तेवढी तिची स्वतःची आहे, आणि ती तिने लाल शाईने लिहिली आहे : ‘गड्ड्याच्या खालच्या अंगानं जाताना पायाकडे नाही, डोक्याकडे पाहा.’